कुबडी

जून लागला की पोर्तो लोपेझच्या धक्क्यावर
तिचं चित्र असलेले टी-शर्ट टांगले जातात,
खानावळींना नवा रंग, तिकिटांचे दर वर,
आणि गाव म्हणतं, आली बाई कुबडी.
सप्टेंबरपर्यंत तिच्यावरच रेलून
उभं राहायचं असतं सगळ्यांना.

दिओसेलिना जॅकेटं मोजते. बावीस.
बावीस सँडविच ट्यूनाचे, दोन कलिंगडं,
आणि काळ्या पातळ पिशव्या,
ज्या देताना ती हसून सांगते, "कचऱ्यासाठी नाहीत हं."
नऊ वर्षं झाली.
देवमासा ती बघत नाही, बघणाऱ्यांना बघते:
कोण कडेला फार वाकलंय,
कुणाचं पोर हातातून सुटलंय,
कुणाचा चेहरा कच्च्या केळ्याच्या सालीवर गेलाय.

आज गारुआ. पाऊस नव्हे, धुकंही नव्हे,
आभाळाने नुसतं ओलं फडकं फिरवल्यासारखं.
उल्बिओने इंजिन बंद केलं.
पाणी बोटीच्या पोटाला थापट्या मारत राहिलं.
वीस मिनिटं. पंचवीस.
कुणीतरी विचारलं, पैसे परत मिळतात का?
उल्बिओ म्हणाला, "तिच्याकडे मागा."

आणि उजव्या अंगाला समुद्र उकलला.
उभीच्या उभी आली ती बाहेर,
घराएवढं ओझं, ओझं नसल्यासारखं,
गळ्यावरच्या पन्हाळींतून पाणी ओघळताना दिसलं,
मग पडली.
आवाज नंतर आला.
एकवीस जण उजवीकडे धावले, बोट कलली, फोन वर.

डावीकडे राहिले क्वेंकाचे अब्दोन मास्तर,
लेकीने सत्तरीला दिलेलं तिकीट,
दोन्ही हातांत पिशवी, पाठीला कुबड काढून पाण्यावर ओणवे.
दिओसेलिनाने त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरलेला.
"गेलं ना?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी डोंगर उतरून आलो."

ती फडकं पुढे करत होती
तेव्हा बोटीखालून, सावलीतून,
काहीतरी पांढरं सरकलं.
हात म्हणावा, तर होडीएवढा.
ही दुसरी होती.
तिच्या कुशीतून एक लहान निघालं,
अंगावर अजून घड्या,
जशा नव्या चादरीवर असतात.
ते आडवं झालं.
एक डोळा वर.

मास्तरांनी पिशवी छातीशी धरली,
कुणाच्या घरात शिरताना
टोपी काढून धरतात तशी.

पलीकडे लोक एकमेकांना दाखवत होते
फोनमधलं पाणी, नुसतं पाणी,
शेवटी एक शिंतोडा.
इकडचे दोघं काही बोलले नाहीत.

परतताना मास्तरांनी कलिंगड मागून घेतलं,
दोन फोडी खाल्ल्या, बिया मुठीत ठेवल्या.

धक्क्यावर जॅकेटं मोजली. एकवीस.
बाविसावं अंगात घालूनच
ते टोकाच्या खांबापाशी बसले होते.
तिने हाक मारली नाही.
पुढच्या फेरीला अजून अर्धा तास होता.