ओलं पोतं

काळ्या घोड्याच्या पुलावर मी रोज थांबते.
खाली विश्वामित्री, चहाच्या गाळासारखी,
आणि काठच्या चिखलात
कुणी विसरून गेलेल्या ओंडक्यासारखी मगर.
ओंडकाही असेल.
तासभर पाहूनही कळत नाही
आणि न पाहता पुढे जाववत नाही.

सांख्यिकीचं तिसरं वर्ष.
मागच्या परीक्षेत माझाच बैठक क्रमांक
मी दोनदा चुकीचा लिहिला,
मग वारुळावर पाय पडावा
तशी प्रश्नपत्रिकेवरची अक्षरं पांगली.
चाळीस मिनिटं मी पेनाचं टोपण
लावत होते, काढत होते.
घरी सांगितलं, पेपर लांब होता.
आई म्हणाली, भिजवलेले बदाम खात नाहीस ना तू.

रात्री तीनला जाग येते.
पंख्याचं एक पातं वाकडं आहे, त्याचे ठोके मोजते.
छातीतले मोजते.
दोन्हींची सरासरी काढते, प्रमाण विचलनही.
हसू नका, खरंच काढते.

पूर ओसरला तेव्हा फतेहगंजला
मामाकडे चिखल उपसायला गेलो होतो.
पार्किंगमध्ये, त्याच्या स्कूटरमागे,
साडेसात फूट.
गच्चीवरून सगळी सोसायटी एकदम ओरडत होती.
फोन केल्यावर जो आला तो आमच्याच वर्गातला मृगांक वैद्य,
मागच्या बाकावरचा, दोन विषय राहिलेला.
हातात दोर, खांद्यावर भिजवलेलं पोतं.
‘आधी सगळे गप्प बसा,’ म्हणाला.
मग मागून, अगदी हळू गेला
आणि पोतं तिच्या डोळ्यांवर टाकलं.

शेपटी एकदा आपटली.
मग ढिली पडली.
जबड्याला त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.
एवढीच?
‘मिटायची ताकद राक्षसाची असते,
उघडायची काहीच नाही.
आपण मात्र दातच बघत बसतो.’
तुला भीती नाही वाटत?
‘वाटते ना. हात बघ.’
थरथरत होते.
त्याच हातांनी मारलेली गाठ
मी नंतर ओढून पाहिली. पक्की होती.

विद्यापीठात एक खोली आहे, जिन्याखाली,
बँकेचं कॅलेंडर, दोन खुर्च्या.
तीन गुरुवार दारावरूनच परतले.
चौथ्या गुरुवारी पाऊस नव्हता, सबबही नव्हती.
पारुलबेननी विचारलं, कधीपासून?
हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.
उत्तर द्यायला सातवीपर्यंत मागे जावं लागलं.

आईला सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती.
बराच वेळ निवडतच राहिली.
मग म्हणाली, टायपिंगच्या परीक्षेला
माझी बोटं अशी लाकडाची व्हायची.
कुणाला सांगितलंस?
तुला. आत्ता.

बदाम अजून भिजवते ती.
मी खाते.

यंदाच्या पेपरला अक्षरं पुन्हा हलू लागली.
मी तळवे डोळ्यांवर ठेवले.
घामानं ते तसेही ओलेच होते.
पर्यवेक्षक जवळ आले, पाणी जोईए?
मान हलवली. हो की नाही, मलाच ठाऊक नाही.
पाणी आलं.
अकरा मिनिटं गेली, मोजलीच मी, सवय जात नाही.
मग तिसरा प्रश्न आधी सोडवला,
पहिला शेवटी, अर्धा.

मगरीला या गावात मारत नाहीत.
पट्टी सोडून नदीत परत सोडतात,
त्याच नदीत, जी शहराच्या मधून जाते
आणि जिच्यावरून आम्हाला रोज कॉलेजला जायचं असतं.

आज काठावर ओंडका नव्हता.
किंवा होता, पाण्याखाली.
कठड्यावरून हात काढला,
घड्याळात नऊ वाजून दहा.
साडेनऊला तास आहे.