चार तारा

रुवीत, वरच्या बंकवर,
बोटाएवढा बोर्ड लॅपटॉपला जोडला.
निळा दिवा लागला,
लॅपटॉप मात्र ओळख दाखवेना.
पोर्ट बदललं, ड्रायव्हर बदलला, शिव्या बदलल्या.
खालून परकार म्हणाला,
झोप, पाचाला गाडी आहे.

शेवटी ब्लेडने केबलच सोलली.
लाल. काळी.
पांढरी-हिरवी कुणी घातलीच नव्हती.
अर्ध्या रियालची वायर,
खायला घालते, बोलू देत नाही.

परकारने उशीखालून आपली काढली,
"दापोलीला फोन लावायच्या आत परत दे."

टुणकन आवाज.
प्रोग्राम चढला,
आणि खिडकीतून गच्चीच्या टाकीत सोडलेला सेन्सर
रात्री दोन वाजता पहिला शब्द बोलला:
एकेचाळीस.

"एवढंच?" परकार कूस बदलत म्हणाला,
"ते तर माझ्या पाठीला रोज कळतं."