रात्रपाळी

पाळी गेली तेव्हा
मोठ्या जावेनं चिपळूणहून फोनवर म्हटलं, "सुटलीस गं."
मीही म्हटलं, सुटले.
कपाटातली निळी पिशवी
पॅकिंगमधल्या पोलिश पोरीला देऊन टाकली,
पेढे वाटावेत तशी.

कोणी सांगितलंच नाही
की ती गेली की ही लागते.
तीन दहाला कामावर हजर.
आधी छातीत धडधड, जिना चढून कोणी आल्यासारखी,
मग पोटातून वर
दूध उतू जावं तसं काहीतरी चढत येतं
आणि मी अंधारात चाचपडत राहते,
गॅसचं बटण कुठाय, बटण कुठाय.

ग्रिम्सबीत जानेवारी.
मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी,
गोठलेल्या फरशीवर मी अनवाणी उभी,
गाऊनच्या गळ्यातून वाफा निघतायत.
गोदीकडून माशांचा वास येतो.
वर हेरंब घोरतो आहे.
बिचारा. परवा त्याच्या टोस्ट चावण्याच्या आवाजावरून
मी मनात पार घटस्फोटापर्यंत जाऊन आले,
येताना दूध घेऊन आले.

दिवसा मी मासे तपासते.
डोळे, कल्ले, बोटाचा दाब, तापमान.
मीटिंगमध्ये हातात हॅडॉक धरलेला,
एकोणीस वर्षांची ओळख,
आणि त्याचं नाव गेलं.
जिभेवर आली सुरमई.
म्हटलं, "ही सुरमई."
सगळ्यांनी लिहून घेतलं.
गुडघे म्हणाले खाली बसू नकोस,
बसल्यावर म्हणाले आता उठू नकोस.
दुकानात पैसे भरताना यंत्र बोललं,
अनपेक्षित वस्तू आढळली आहे.
मी म्हटलं, मीच ती,
आणि तिथेच रडू फुटलं, कांद्यांच्या पिशवीवर.

डॉक्टरीणबाई भली. आठ मिनिटांत जेवढं भलं होता येतं तेवढी.
कमरेखाली चिकटवायची पट्टी दिली,
सोमवारी आणि गुरुवारी बदलायची.
आईचे उपास याच वारांचे.

आई.

गडहिंग्लजला, रात्री, मोरीत,
पदर बाजूला टाकून
पाण्याच्या पिंपाला उघडी पाठ लावून बसायची.
आत्या म्हणाली बाहेरचं काहीतरी आहे.
बाबा म्हणाले डोकं फिरलंय, लक्ष देऊ नका.
मी दहावीला होते.
तांब्या वाजला म्हणून दारातून ओरडले,
"माझी बोर्डाची परीक्षा आहे, कळतं का तुला?"
ती म्हणाली, "बरं."
एवढंच. आणि त्यानंतर तांब्या कधी वाजला नाही.
मला वाटलं, बरी झाली.

हल्ली कोल्ड स्टोअरमध्ये मी
मोजलेली खोकी पुन्हा मोजायला जाते.
उणे बावीस.
सव्वीस वर्षांचा क्रेग विचारतो, हिशेब चुकला का?
चुकलाय रे.
कोणी नसलं की कोट उघडते
आणि गार पत्र्याच्या भिंतीला
पाठ लावते.
पाठीला सगळं आधीच माहीत असतं,
कुठे टेकायचं, किती वेळ,
आवाज कसा करायचा नाही.

तीन चाळीस.
घाम निवतो, आता हुडहुडी भरते.
म्हणजे आता शाल. मग शाल फेकून देणं. मग शाल.
कुंपणापलीकडे
ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात दिवा लागला आहे.
ती बहात्तरची.
मी बोटं मोजते. एकवीस.
अजून एकवीस वर्षं ही पाळी?
ती खिडकीशी येते, ब्लाउजची वरची बटणं उघडी,
हातातल्या वर्तमानपत्रानं वारा घेत.
माझ्याकडे बघते, माझ्या पायांकडे बघते,
अजिबात दचकत नाही.
केटल उचलून दाखवते.