दांडी ठेवून कापायचं

मुनाफ मिस्तरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
'व' कापलास की त्याचं पोट गळून पडतं.
म्हणून दांडी ठेवायची. काडीएवढी.
बघणाऱ्याला दिसली तर दिसली,
पोट जाग्यावर राहिलं पाहिजे.

मी तेव्हा केळीच्या वखारीतून पळून आलेला,
हातांवर चिकाचे काळे डाग.
ते बघून म्हणाला, चल,
रंग निदान रॉकेलनं निघतो.

चोपड्यात सगळे पेंटर पुठ्ठ्यावर छापे कापायचे.
पुठ्ठा दुसऱ्या भिंतीलाच फुगतो.
आम्ही एक्स-रेच्या फिल्मा आणायचो,
जळगावच्या भंगारवाल्याकडून, किलोवर.
कुणाचे गुडघे, कुणाचं मनगट,
एकदा एक अख्खा जबडा, दाढा मोजता येतील असा.
त्यातून मोर निघाला.
यावल रोडच्या लॉजमध्ये तो अजून पिसारा धरून उभा आहे.

खैरनारकाकूंचं काम निघालं
तेव्हा कानबाईला चार दिवस उरलेले
आणि आमच्या फिल्मा संपलेल्या.
काकू माळ्यावर चढल्या,
एक पिवळं पाकीट खाली दिलं.
"हाई चाली का?"

मिस्तरीनं उजेडात धरली.
फासळ्या. मधोमध ढगासारखं काहीतरी.
कोपऱ्यात नाव: त्र्यंबक खैरनार, वय ५१.
चौकातला शिंपी. दुकान सहा वर्षं बंद.
मिस्तरी गप्प.
मी ब्लेड खिशात घातलं.

काकूंनी फिल्म घेऊन मशीनवर पसरली,
शिलाईच्या मेणखडूनं वेल काढली,
फासळीला एक पान, फासळीला एक पान.
"नाव नको कापजो, भाऊ."
बाकीच्याचं त्या काही बोलल्या नाहीत.
दांडी कुठे सोडायची ते त्यांना सांगावं लागलं नाही;
ज्यानं काज केलेत
त्याला टोकं माहीत असतात.

पाचव्या पानाशी माझं ब्लेड घसरलं.
पानाला एक जादा दात आला.
मिस्तरीनं डोक्यात टपली मारली,
काकू म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या.

पिस्ता भिंत, त्यावर मेंदी रंग.
स्पंज जवळजवळ कोरडा हवा,
ओला झाला की रंग फिल्मच्या पाठीमागे पळतो.
निळीची दोरी झटकून रेघ,
रेघेवर फिल्म, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी,
टप टप टप टप, उचल, पुढे.
शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत
त्र्यंबकराव एकेचाळीस वेळा
भिंतीला छाती लावून उभे राहिले.

रविवारी कानबाई बसली,
नथीत, काजळात, मागे ती वेल.
रोटाला आलेल्या बायका विचारत होत्या,
डिझाइन कुठून आणली?
"घरमानीच शे," काकू म्हणाल्या
आणि पुरण वाढायला वळल्या.

फिल्म त्यांनी परत मागितली नाही.
मग ती वेल अडावदला गेली, लासूरला गेली,
एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये गुलाबी झाली.
त्यांच्या लक्षात काही आलं नाही.
लासूरच्या एका साखरपुड्यात मी काकूंना पाहिलं,
ताट मांडीवर, पाठ भिंतीला.
पत्रावळीतलं संपलं तरी उठेनात.
मग हळूच मागे हात नेऊन
बोटानं पानं चाचपत गेल्या,
एक, दोन, तीन, चार,
दातावर थांबल्या.

आता सुरतेहून तयार छापे येतात, प्लास्टिकचे,
मशीननं कापलेले. दांड्या सारख्या.
मिस्तरी मुलाकडे धुळ्याला असतो, मोतीबिंदू झालाय.
फिल्म माझ्या पिशवीत आहे.
रंग चढून चढून पानं बुजत आली,
कोपरा तेवढा स्वच्छ.

गेल्या आठवड्यात लासूरहूनच फोन.
सगळं सपाट करा. ग्रे.
मी घासलं, लांबी भरली, तीन कोट मारले.
संध्याकाळी दारातून तिरकं ऊन आलं
आणि मालक म्हणाला,
हे पानासारखं काय दिसतंय?

ओल आहे, म्हणालो.
काही वर्षं राहील.