टाकणखार

धामणगावहून आलेल्या पुडीवर
या खेपेस चाळीस रुपये जास्त.
“काऊन?” प्रल्हाद खरवडे फोनवर विचारतो.
“तुर्कस्तानात भाव वाढला, भाऊ.
जहाज वळसा घालून येते म्हनतात.
काचवाले टनानं उचलतात,
तुमची चिमूट कोन मोजते?”

चिमूट तो मोजतो.
पाट्यावर पाण्यात उगाळतो,
सुकमा उईकेच्या पैंजणाच्या
तुटल्या कडीला पिसानं लावतो,
गाल फुगवून ज्योत वाकवतो.
खार आधी लाहीसारखा फुलतो,
मग बसतो, काच होतो,
आणि डाख त्याच्या मागोमाग
फटीत धावतो.

“किती?”
“वीस.”
दिवाळीतही वीसच होते.

ती उन्हात निघून जाते,
एक पाय जरा मुद्दाम वाजवत.
तो बोट ओलं करून
पाट्याच्या कडेचं पांढरं
उचलतो,
बशीत पुसून ठेवतो.