जाळव्या

रात्री तीनला थर्मामीटर: पस्तीस पॉइंट आठ.
रेशमा मुल्लाणीचं बाळ, चौदाशे वीस ग्रॅम,
अजून नाव नाही, नुसती पट्टी पायाला.
हुडहुडत नाही ते.
एवढ्याशा जिवाला कुडकुडता येत नसतं,
दर नव्या बॅचच्या पोरींना मला हे सांगावं लागतं.
मग ऊब कुठनं येते, सिस्टर?
मी बाळ पालथं करते, बोट टेकवते
दोन फऱ्यांच्या मधे.
इथनं.
इथं गुळाच्या रंगाची चरबी असते.

माझा बाप वडणग्याला जाळव्या होता.
काहिलीपाशी गुळव्या, आण्णाप्पा चौगुले,
फेसावर नजर रोवून उभा;
भिंतीपल्याड खड्ड्यात बाप,
चुलवाणाच्या तोंडात चिपाडं सारत.
त्याला काहील दिसायची नाही.
रस तांबूस झाला, तार धरली,
बापाला काही ठावं नाही.
वरनं हाक यायची, सार! की सारायचं.
बास! की बास.
हंगामभर एवढे दोनच शब्द पोचायचे त्याच्याकडं.

डोक्यातही एक आण्णाप्पा असतो,
मेंदूच्या बुडाशी, बदामाएवढ्या जागेत.
पंचगंगेवरचं वारं लागल्याचं
कातडीनं कळवलं,
की तो नसांतून हाक टाकतो,
आणि पाठीतला जाळव्या कामाला लागतो.
फरक एवढाच, त्या जाळावर काहील नसते.
काही शिजत नाही, ढेप पडत नाही,
बोटसुद्धा हलत नाही.
जळतं ते सगळं नुसती ऊब होऊन जातं.

पण हे बाळ सात आठवडे आधी आलं.
चिपाडं रचायचे दिवस शेवटचेच असतात.
वरचा ओरडतोय, सार, सार,
आणि खड्ड्यात मूठभर पाचट.

मी रेशमाला उठवते. गाऊनची बटणं काढ.
उघड्या छातीवर उघडं बाळ, डोक्याला टोपी,
वरनं घरनं आणलेली चादर.
ती घाबरून श्वास धरून ठेवते.
घे गं श्वास, म्हणते मी, त्यानं काय होत न्हाई त्याला.

छत्तीस पॉइंट एक.
वीस मिनिटांनी छत्तीस चार.

गुऱ्हाळ बंद पडलं तरी
बाप झोपेत उजवा हात पुढं सारायचा,
मागं घ्यायचा, पुन्हा सारायचा.
आई म्हणायची, बास.
मग निजायचा.

मी आकडा लिहिते.
आणि तरी एकदा
पाठीला हात लावून बघते.