सूर्योदयाची मुदत

पत्रात लिहिलं होतं: पहिला टप्पा, सूर्योदय.
ज्यांच्याजवळ नोंदलेली मुद्रा आहे
त्यांनी आधी यावं.
लेम्पीनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
मग खिडकीबाहेर पाहिलं.
डिसेंबरची दहा तारीख, भर दुपारचे बारा,
वाड्सोच्या धक्क्यावर सगळे दिवे चालू.
"सूर्य जानेवारीत येतो," ती म्हणाली,
"हे कुठल्या गावचे लोक?"

मी ग्रंथालयात बसतो, संगणकांपाशी.
पेन्शनचे अर्ज, विसरलेले पासवर्ड,
नातवांचे न उघडणारे फोटो.
असलं काम पहिल्यांदाच आलं.

तिला एकच शब्द हवा होता. सुओया.
आमच्या क्वेन बोलीत आडोसा,
वारा जिथे हात टेकतो ती जागा.
तिच्या वडिलांनी एकसष्ट साली बोटीवर रंगवला,
पांढऱ्या रंगात,
शेवटचा आ जरा खाली घसरलेला,
कारण नेमकी तेव्हाच लाट आली.
त्याच नावानं तिनं चाळीस वर्षं सुकवलेला कॉड विकला,
पिशवीवर शिक्का,
शिक्क्यातही तो घसरलेला आ.

आता नावामागे लावायला नवं शेपूट निघालं होतं
आणि शब्द विकायला काढले होते,
टेकडी विकावी तसे,
वर माणसं राहत असताना.

ड्युसेलडॉर्फला एक रेनकोटवाले आहेत, सुओया नावाचे.
कुणीतरी शब्दकोशात बोट ठेवलं असेल,
कानाला बरं वाटलं असेल.
नोंद सोळा सालची.
तोवर लेम्पीचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

वहिवाट आमची, नोंद त्यांची.
अर्जात वहिवाटीला रकाना नव्हता.
बोटीचा फोटो चालेल का, मी लिहून विचारलं.
उत्तर आलं, तेही आपोआप:
प्रमाणपत्र जोडा.

पण सूर्योदय सरला आणि रेनकोटवाले आलेच नाहीत.
त्यांच्या कचेरीत कुणी रजेवर होतं म्हणे.
मग झुंबडीचा टप्पा. जास्त पैसे भरा, रांगेत पुढे या.
लेम्पीनं रकमेवरचे आकडे मोजले
आणि पर्स मिटली.
"मी शेवटी येते," म्हणाली, "मासे उरतातच."

शेवटचा टप्पा: जो आधी, त्याचं.
दुपारी तीनला दार उघडणार.
पावणेतीनपासून ती माझ्या खुर्चीत,
अंगातला कोट न काढता.
तीन वाजले. तिनं एका बोटानं लिहायला घेतलं.
तिसऱ्या अक्षरावर होती तेव्हा
लिमासोलमधल्या कुठल्याशा यंत्रानं
नाव उचललं.
आम्ही पाचही अक्षरं पूर्ण केली तरी.
पडद्यावर आलं: हे नाव विकणे आहे.
किंमत तिच्या बोटीच्या नव्या इंजिनाएवढी.

मग मात्र रेनकोटवाल्यांना जाग आली.
लिमासोलवर दावा, जिनिव्हात तीन पंच,
निकाल पुढच्या हिवाळ्यात.
मी सोळा पानं छापून तिला दिली.
त्यात मुद्रा होती, हेतू होता,
दोन्ही पक्ष होते.
लाट कुठेच नव्हती.
"मी तिसरी," लेम्पी म्हणाली, "तिसऱ्याला पान नाही."
कागद घडी करून घेऊन गेली, स्टोव्ह पेटवायला बरा म्हणून.

सूर्य परत येतो त्या दिवशी आम्ही गोड पाव वाटतो.
शाळेतली पोरं टेकडीवर चढतात.
वरच्या आळीचे म्हणतात, आम्हाला आधी दिसतो.
धक्क्यावरचे म्हणतात, खोटं,
क्रेनवर चढलं की पहिला आमचा.
माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं भांडण,
कुणी जिंकलं नाही, कुणाला जिंकायची घाईही नाही.
तेवढ्यात तो येतो, चार मिनिटं,
आणि सगळे गप्प.

लेम्पी वर आली नव्हती.
मी तिच्यासाठी पाव घेऊन खाली गेलो.
नौकाघरात स्टोव्ह चालू, टर्पेंटाइनचा वास,
ती बोटीवरचं नाव पुन्हा रंगवत होती.
"आ सरळ करून टाक आता," मी म्हणालो.
तिनं ब्रश डब्यात बुडवला,
निथळू दिला,
आणि तो आणखी बोटभर खाली घसरवला.